अर्जाच्या चौकटीमागे

खरिपाच्या दिवसांत रेणापूरच्या एखाद्या सेवा केंद्रावर पीकविम्याचा वा अनुदानाचा अर्ज भरण्यास आलेला शेतकरी प्लॅस्टिकच्या पिशवीतून सातबारा, आधारकार्ड आणि कडा झिजलेले पासबुक काढून टेबलावर मांडतो, आणि मोबाइलवर आलेला ओटीपी रांगेतल्या चारचौघांदेखत मोठ्याने वाचून दाखवतो. अर्ज त्याचा असला तरी बोटे केंद्रचालकाची असतात. पडदाही त्याच्याकडे वळलेला नसतो. अशा खातेदारास ‘ब्राउझरमधले कुलूप पाहा’ असा उपदेश करणे व्यर्थ होय. ही जबाबदारी मुख्यत्वे अर्ज रचणाऱ्याची आहे.

त्याचे पहिले कर्तव्य संयमाचे. जे लागत नाही ते विचारू नये, आणि जे विचारले ते काम सरल्यावर दफ्तरी ठेवू नये. ऑनलाइन खरेदीत बँकेच्या कार्डामागील तीन अंक व्यवहार मंजूर झाल्यावर दुकानदाराने साठवू नयेत, असा दंडक आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्डाचा पूर्ण क्रमांकही त्याच्यापाशी राहत नाही, त्याच्या जागी ‘टोकन’ नावाचा सांकेतिक क्रमांक येतो, जो चोरास अन्यत्र निरुपयोगी ठरतो.

दुसरे कर्तव्य संशयाचे. ब्राउझरमध्ये होणारी तपासणी अर्जदाराच्या सोयीपुरती असते, कारण ती टाळून थेट सर्व्हरकडे मजकूर धाडता येतो. म्हणून खरी छाननी सर्व्हरवरच झाली पाहिजे, आणि नावाच्या रकान्यात कोणी डेटाबेसला उद्देशून हुकूम लिहिला तरी तो निव्वळ मजकूर म्हणूनच वाचला गेला पाहिजे. कुलुपाचे चिन्हही एवढेच सांगते, की माहिती वाटेत सांकेतिक लिपीत जाते; ज्या पानावर ती भरली जाते, ते निर्दोष असल्याची हमी ते देत नाही. २०१८ साली ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर भामट्यांनी अवघ्या बावीस ओळींचा प्रोग्राम घुसवला, तेव्हा कुलूप शाबूत असूनही ग्राहकांची कार्डे परस्पर नकलली गेली. २०२० मध्ये कंपनीस २ कोटी पौंडांचा दंड झाला. आपल्याकडेही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने वाजवी सुरक्षा न राखणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे.

पावती घेऊन शेतकरी कागद पुन्हा पिशवीत घालतो व गावाकडे निघतो. पासबुक त्याच्यासमवेत परत जाते. खाते क्रमांक मात्र मागे, त्याने कधी न पाहिलेल्या सर्व्हरवर, राहतो.