अयनदिनापासून सरकलेले सण

उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते, मग संक्रांत तीन आठवडे उशिरा का, हा आक्षेप गणिताने बरोबर आहे. आपली पंचांगे सूर्याचे स्थान ताऱ्यांच्या संदर्भात मोजतात. ते नाक्षत्र वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असल्याने साधारण ७१ वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. १८६३ साली, स्वामी विवेकानंदांच्या जन्मदिवशी, संक्रांत १२ जानेवारीला होती; आता ती १४-१५ला येते. पण म्हणून सण चुकला असे मला वाटत नाही. स्वीडनमध्ये मेणबत्त्यांचा मुकुट घालून ल्युसियाचा सण १३ डिसेंबरला होतो. चौदाव्या शतकात, जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेनुसार, अयनदिन याच सुमारास येई. लोकसमजुतीत ही वर्षातली सर्वांत लांब रात्र, जनावरेसुद्धा बोलू लागतात अशी. १७५३ मध्ये स्वीडनने नवी दिनदर्शिका स्वीकारली, तरी सणाची तारीख लोकांनी सोडली नाही.

अयनदिनाच्या आसपास सूर्योदयाची जागा कित्येक दिवस जवळजवळ हलत नाही, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना नेमका दिवस कळणे अवघडच. लोक साजरा करतात तो थंडीचा काळ: तीळ, गूळ, बाजरीची भाकरी, सुगडातला हरभरा आणि ऊस. यावर कुणी म्हणेल की अशाने संक्रांत कधीतरी उन्हाळ्यात जाईल. ही शंका रास्त आहे, मात्र हजार वर्षांत सरक जेमतेम दोन आठवड्यांची. पंचांग सुधारायला तेवढा अवधी पुरेसा आहे, आणि ती सुधारणा आकाशासोबत शेताकडेही पाहून व्हायला हवी.