लग्नसराई, सोने आणि उसाचे बिल



तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे दोन हंगाम एकदमच सुरू होतात, एक गळिताचा आणि दुसरा लग्नाचा. पहिल्याचे पैसे हातात यायच्या आधी दुसऱ्याचा खर्च दारात उभा राहतो. बिलाची चौकशी करायला येणाऱ्यांचे बोलणे ऐकावे तर "साहेब, बिल लवकर काढा, सोनाराले पैसे द्याचे हायेत," हे वाक्य हमखास कानावर पडते. खताच्या दुकानदाराचे नाव फारसे कोणी काढत नाही. म्हणून या वेळी बेणे आणि खोडवा बाजूला ठेवून आम्ही सोन्यावर लिहीत आहोत. भगिनींनी हे आवर्जून वाचावे, कारण डाग त्यांच्या अंगावरचा असतो.

आधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. घरातली म्हातारी माणसे म्हणतात, "तवा घेऊन ठेवलं असतं तं आज कामी आलं असतं," ते अगदी खरे आहे. १९८० साली दहा ग्रॅम सोने सरासरी १३३० रुपयांना होते आणि उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर क्विंटलला १३ रुपये, म्हणजे टनाला १३० रुपये होता. दहा टन उसात तोळाभर सोने येत होते. २२ एप्रिल २०२५ रोजी दहा ग्रॅमचा भाव एक लाख रुपयांना टेकला. त्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३४०० रुपये होती. हिशेब करा, तोळ्याला २९ टन झाले, आणि त्यात तोडणी-वाहतूक अजून वजा केलेली नाही. पंचेचाळीस वर्षांत आपला ऊस सोन्याच्या मागे पडत गेला. त्यामुळे सोने हे निव्वळ बायकांचे वेड आहे असे जे पुरुष पारावर बसून बोलतात, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. ज्या माउलीने अंडी, दूध विकून एक-एक मणी केला, तिचा हिशेब अनेक कर्त्या पुरुषांपेक्षा चोख निघाला.

पण तिने तो मणी रोखीने घेतला होता, आणि आमचे सगळे म्हणणे याच मुद्द्यावर आहे.

समजा, मुलीसाठी तीन तोळ्यांचा हार करायचा आहे. हिशेबाला सोपा म्हणून लाखाचाच भाव धरू. २२ कॅरटमध्ये तीस ग्रॅमचे सोने झाले २ लाख ७४ हजार ८०० रुपयांचे. घडणावळ शेकडा १२ धरली तर ३३ हजार. नक्षी बारीक असेल तर ती याहून पुष्कळ वर जाते. वर ३ टक्के जीएसटी. एकूण सुमारे ३ लाख १७ हजार. आता हाच हार दुसऱ्या दिवशी मोडायला न्या. घडणावळ गेली, कर गेला, वर सोनार घट म्हणून शेकडा दोन कापतो असे धरू. हाती येतात २ लाख ६९ हजार. एका रात्रीत ४८ हजार रुपये गेले, आणि हार तर अजून कोणाच्या गळ्यातही पडला नव्हता.

हे रोखीचे झाले. उधारीचे पहा. गावात महिन्याला शेकडा दोन रुपयांनी पैसे काढले, तर ३ लाख १७ हजारांवर महिन्याला ६३४० आणि वर्षाला ७६ हजार रुपये व्याज होते. दोन वर्षांत दीड लाख. हे नुकसान भरून निघायला सोन्याचा भाव दोन वर्षांत सत्तर टक्क्यांहून अधिक चढावा लागतो. तसा तो कधी चढतोही, अलीकडे चढलाच आहे. पण २०१२ साली दहा ग्रॅमला ३१ हजारांच्या आसपास असलेला भाव २०१५ साली २६ हजारांवर आला होता आणि २०१८ सालीही ३१ हजारांच्या घरातच होता. सहा वर्षे सोने जागचे हलले नाही. व्याज मात्र अशी सुटी घेत नाही.

त्यात आणखी एक नुकसान कोणाच्या लक्षात येत नाही. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून ते शून्य टक्क्याने पडते. पंजाबराव तर आपल्याच जिल्ह्यातल्या पापळचे. पीककर्जाचा पैसा सराफ्यात गेला, मुदत टळली, की ही सवलत बुडते आणि पुढच्या वर्षी सोसायटीच्या दारात उभे राहणे अवघड होते. मग बियाण्याला पैसा कुठून आणायचा? तोच हार उचलायचा.

आपल्या भागातल्या डागाची खरी चाल ही अशी आहे. दिवाळीनंतर अंगावर आणि मिरगात गहाण. पेरणीला निघाला की कापूस-तूर विकून सोडवायचा, नाही जमले तर व्याज भरून पावती फिरवायची, आणि दोन वर्षे पाऊस रुसला की विसरायचा. वऱ्हाडाने हे फार पूर्वी एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आपल्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या तेजीत नांगराचा फाळ आणि गाडीच्या चाकाची धावसुद्धा कोणी कोणी चांदीची केली, असे त्या काळच्या इंग्रज अंमलदारांनी लिहून ठेवले आहे. युद्ध संपले, भाव कोसळला. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. सुगीत केलेले डाग दुष्काळात मातीमोल जातात, कारण त्या दिवशी सगळेच विकणारे असतात. चांदीची धाव लावणाऱ्याला आपण आज हसतो. उसाच्या बिलावर उचल घेऊन हार करणाऱ्याला मात्र हसत नाही, कारण तो आपल्याच भावकीतला असतो.

यावर नेहमीचे उत्तर येते, "काय करता भाऊ, लोकं काय म्हनतीन? सोयरे पाहतात, पोरीच्या अंगावर दोन-चार तोळे तं पायजेच." या प्रश्नाला आम्ही हलके समजत नाही. मुलीला सासरी मान मिळावा असे कोणत्या बापाला वाटत नाही? पण हे ऋण काढून सण करणे ज्यांनी जन्मभर झोडपले, ते गाडगेबाबा आपल्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. १८७६ साली जन्मले, १९५६ साली अमरावतीजवळ गेले. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत लग्नातल्या उधळपट्टीवर लिहिले. दोघांच्याही तसबिरी आपल्या घरात आहेत. हाराची ऑर्डर देताना आपण तसबिरीकडे पाठ करून बसतो, एवढेच. सामुदायिक विवाह मेळाव्यात एका डोरल्यावर लागलेली किती तरी लग्ने आपल्या डोळ्यांसमोर सुखाने नांदत आहेत.

आता ज्यांच्यासाठी हे सगळे चालते त्यांच्याविषयी. लग्नात मुलीला दिलेले सोने हे तिचे स्त्रीधन आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ ने हिंदू स्त्री आपल्या मालमत्तेची पूर्ण मालक ठरते. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले, की स्त्रीधन सासरच्यांच्या ताब्यात असले तरी ते फक्त सांभाळणारे आहेत, मालक नाहीत. व्यवहारात काय होते? बाप कर्ज काढून डाग करतो, सासरा किंवा नवरा पेरणीला तो गहाण टाकतो. इकडे बापाचे कर्ज फिटत नाही, तिकडे डाग सुटत नाही. एकाच डागावर दोन घरे व्याज भरतात आणि मुलीच्या गळ्यात बेन्टेक्सची पोत येते. तिला विचारले कोणी? अर्ध्या तोळ्याचे रोखीचे डोरले आणि दोन साधे गोठ तिला या तीन तोळ्यांपेक्षा जास्त दिवस पुरतात, असे आमचे मत आहे.

सोने घ्यायचेच तर साधे घ्यावे. खडे, मोती, लाख, दोरा यांचे पैसे घेताना मोजले जातात, पण गहाण ठेवताना बँक ते वजन धरत नाही. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क लागू असलेला डाग सहा अक्षर-अंकांच्या ओळख क्रमांकाशिवाय विकता येत नाही. २२ कॅरटला ९१६ आणि १८ कॅरटला ७५० असा आकडा असतो. तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून पाहता येतो. शाळेत जाणाऱ्या नातवाला दुकानात सोबत न्या, तो दोन मिनिटांत पाहून देईल. बिलात सोन्याचे वजन, घडणावळ आणि कर वेगवेगळे लिहून मागावेत. "घरचेच हाये, बिल कायले पायजे," असे म्हणणाऱ्या दुकानातून उठून यावे.

आणि गहाण टाकायची पाळी आलीच, तर खाजगीपेक्षा बँक बरी. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये काढलेल्या नियमांप्रमाणे अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. कर्ज पूर्ण फिटल्यावर डाग त्याच दिवशी, फार तर सात कामाच्या दिवसांत परत करायचा आहे. चूक देणाऱ्याची असेल तर उशिराच्या दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई त्याने द्यायची आहे.

सावकाराकडेच जायचे तर परवाना पाहून जावे. २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्य शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे परवानाधारक सावकारांकडचे कर्ज स्वतः भरून गहाण वस्तू सोडवून देण्याचे ठरवले. तेव्हा अमरावती-अकोल्याकडच्या कित्येक घरांतले डाग परत आले. ज्यांचा सावकार बिनपरवान्याचा होता त्यांचे आले नाहीत, आणि परवान्याच्या हद्दीबाहेरच्या गावात दिलेले कर्जही आधी त्यात बसेना. हाती कागद नव्हता त्यांना तर काही सांगताच आले नाही. म्हणून पावतीवर डागाचे नाव, वजन, कस, रक्कम, व्याज आणि तारीख पाहून घ्यावी. एक नक्कल माहेरी द्यावी, आणि मूळ पावती घरधन्याच्या खिशात न ठेवता जिचा डाग आहे तिच्या पेटीत ठेवावी.