टोळीचे बिऱ्हाड

बालवीर पथकाचा मुक्काम रानात पडला, की पाहुणे तंबू मोजतात. मोजावयाच्या असतात त्या टोळ्या. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी ब्राउन्सी बेटावर शिबिर भरविले, तेव्हा सुमारे २० मुलांच्या ४ टोळ्या केल्या. टोळीत ६ ते ८ मुले. नायक त्यांच्यातलाच एक. तंबू, पातेली, कुऱ्हाड, कंदील, दोर हे सारे टोळीचे. अंथरूण, ताटवाटी ज्याची त्याने वाहावयाची. मास्तरांनी जादा काही जवळ बाळगू नये, असे माझे मत. आमच्या एका मुक्कामी एक टोळीनायक काड्यापेटी विसरला. माझ्या खिशात होती. मी दिली नाही. अखेर त्याने शेजारच्या टोळीच्या चुलीतला निखारा मागून आणला. भाकरी मात्र रात्री दहाला झाल्या.