दुखण्याला नाव नसते तेव्हा

घरातील कुत्रा गेला म्हणून डोळ्यांत पाणी आले, हे चारचौघांत सांगण्याचा आपल्याकडे संकोच वाटतो. मागे आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास धर्मराजाने नकार दिला, ही कथा घरोघर ठाऊक. आणि कुत्र्यासाठी दोन दिवस ज्याच्या घशाखाली घास उतरला नाही त्याला हसणारेही त्याच घरांतले! म्हाताऱ्या कुत्र्याचे जाणे माणूस हळूहळू सोसतो. परंतु चार वर्षांचा धडधाकट कुत्रा अन्न टाकतो, अंगाने झडतो, एके सकाळी त्याचा घोळणा फुटतो, आणि डॉक्टरांनाही दुखणे काय ते नक्की सांगता येत नाही, तेव्हा ते दुःख निराळी वाट धरते. ते कारण शोधू लागते. बाहेर कारण सापडले नाही म्हणजे घरातल्या माणसांकडे वळते. शिळे कोणी घातले, पावसात कोणी बांधून ठेवले, शेजाऱ्याने तर काही टाकले नसेल ना, असे प्रश्न सुरू होतात. ईयोबाचे मित्र त्याच्या सांत्वनाला आले आणि त्याचाच अपराध शोधीत बसले. येथे तर ते मित्र माणसाच्या मनातच ठाण मांडून बसतात.

अशा न कळलेल्या दुखण्याचा एक मोठा दाखला व्हिएतनामच्या युद्धात घडला. तेथे अमेरिकन सैन्यापाशी पहाऱ्याची व माग काढणारी शेकडो कुत्री होती, बहुतेक अल्सेशियन जातीची, आणि प्रत्येकाचा सांभाळ करणारा शिपाई नेमलेला. १९६८ पासून ही कुत्री तापाने व अशक्तपणाने खंगू लागली. पुष्कळांच्या नाकातून रक्त वाहू लागे, ते थांबता थांबत नसे. १९७० अखेरपर्यंत सुमारे १६० कुत्री दगावली. पशुवैद्यांनी आरंभी या विकाराला जे नाव दिले त्याचा अर्थच मुळी ‘कारण अज्ञात असलेला रक्तस्राव’ असा होता. नाव कसले, ती अज्ञानाची प्रामाणिक कबुली होती.

पुढे डेव्हिड हक्सॉल प्रभृती सैनिकी पशुवैद्यांनी शोध लावला, तेव्हा अपराधी निघाला तो एक अगदी सूक्ष्म जंतू, एर्लिकिया. नवल असे की, हा जंतू शास्त्राला नवा नव्हता. फ्रेंच शास्त्रज्ञ दोनातियें व लेस्तोकार यांनी १९३५ सालीच तो अल्जीरियात पाहिला होता. त्याचा वाहक कोण, तर कुत्र्याच्या कानात व बोटांच्या बेचक्यात दडणारी साधी तपकिरी गोचीड.

या जंतूची चाल समजून घेण्यासारखी आहे. गोचीड चावल्यावर एक ते तीन आठवड्यांत कुत्र्याला ताप येतो, तो मलूल होतो, दोनचार आठवड्यांत बहुधा आपोआप बराही होतो. घरची माणसे निःश्वास टाकतात. पण जंतू गेलेला नसतो. तो शरीरात लपून राहतो, महिनेच नव्हे तर कधी कधी वर्षे. या काळात कुत्रा खातो, खेळतो, दारावर भुंकतो. काही कुत्री यातूनच सुटतात. बाकीच्यांत पुढे रक्त निर्माण करणारी अस्थिमज्जाच निकामी होते, आणि रक्त गोठविणारे कण घटल्यामुळे घोळणा फुटतो. अल्सेशियन जातीत हे अधिक तीव्रतेने घडते. म्हणजे ज्या आठवड्यातील चुका माणूस उगाळीत बसतो, त्या आठवड्यात काही घडलेलेच नसते. जे घडावयाचे ते मागच्याच एखाद्या उन्हाळ्यात, एका चाव्यात घडून गेलेले असते.

हीच गोचीड बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा सर्व गावी मुबलक आहे आणि हा रोगही. लवकर कळला तर डॉक्सिसायक्लिन या औषधाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुमारे चार आठवड्यांत, तो बहुधा आटोक्यात येतो. अस्थिमज्जा गेल्यावर मात्र उपाय फारसा चालत नाही. म्हणून मलूल कुत्र्याची रक्ततपासणी वेळीच करून घ्यावी. प्रत्येक अनाकलनीय मृत्यू याच रोगाचा असतो असे अर्थातच नव्हे. विषबाधा, यकृताचे विकार, हृदयाचे विकार, कितीतरी कारणे संभवतात. कुत्रा गेल्यावर डॉक्टर शवविच्छेदनाविषयी विचारतात, तेव्हा बहुतेक घरांतून नकार येतो, आणि त्या घटकेला तो स्वाभाविकही आहे. तथापि घरात दुसरे कुत्रे असेल तर तो नकार देण्यापूर्वी थोडे थांबावे. गेलेल्याच्या मृत्यूचे कारण कळले तर राहिलेल्याचा जीव वाचू शकतो, आणि घरातील माणसांनी एकमेकांकडे संशयाने पाहणेही थांबते.

घरातील पोरांचे रडे थांबावे म्हणून पुष्कळ ठिकाणी आठ दिवसांतच नवे पिल्लू आणतात. हेतू चांगला, पण घाई वाईट. तपकिरी गोचीड कुत्र्याच्या अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत, फरशीच्या सांध्यांत, दाराच्या चौकटीमागे अंडी घालते, एका वेळी हजारो. पूर्ण वाढलेली गोचीड तेथे कित्येक महिने उपाशी जगते. तेव्हा आधी जुने अंथरूण जाळावे, फटी बुजवाव्यात, डॉक्टरांना विचारून योग्य त्या औषधाची फवारणी करावी, ती काही आठवड्यांनी पुन्हा करावी. आणि मगच त्या कोपऱ्यात पिल्लासाठी नवे पोते अंथरावे.