भरती-ओहोटी नसलेल्या किनाऱ्यावर : सिसिलीतील चेफालू

श्रोतेहो, गोव्याच्या अथवा कोकणच्या किनाऱ्यावर ज्यांचे बालपण गेले, त्यांना समुद्र म्हणजे दिवसातून दोनदा पुढे येणारा व दोनदा मागे सरणारा, हे सांगावे लागत नाही. बडोद्याच्या श्रोत्यांच्या शेजारी तर खंभातचे आखात आहे. तेथे मोठ्या भरतीचे पाणी दहा मीटरपर्यंत चढते. अशा आपल्याकडील माणसाने सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील चेफालू या गावी दिवसभर मुक्काम केला, तर त्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटते. सकाळी वाळूवर पाण्याची रेघ जेथे पाहावी, तेथेच ती सायंकाळीही जवळजवळ दिसते.

याचे कारण भूमध्य समुद्राच्या रचनेत आहे. हा समुद्र चोहोबाजूंनी भूमीने वेढलेला असून अटलांटिक महासागराशी त्याचा संबंध जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून येतो. ती अगदी चिंचोळ्या जागी सुमारे १४ किलोमीटर रुंद आहे. एवढ्याशा दारातून महासागराची भरती आत शिरत नाही, आणि आतल्या पाण्यात स्वतःची मोठी भरती उठण्याइतका विस्तार नाही. म्हणून चेफालूला पाण्याची चढउतार हातभर इतकीही होत नाही.

ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, म्हणजे हे गाव उलगडू लागते. जुन्या वस्तीतील घरांच्या मागच्या भिंती थेट पाण्यालगतच्या खडकावर उभ्या आहेत. आपल्या किनाऱ्यावर एवढ्या जवळ घर बांधण्याचे धाडस कोणी करणार नाही. हिवाळ्यातील वादळांत तेथेही लाटा भिंतींवर आदळतात, परंतु रोजच्या भरतीची धास्ती नाही. स्नानासाठीही वेळ पाहावी लागत नाही. पुळण पश्चिमेकडे लांबवर पसरलेली आहे, उथळ आहे, आणि मुलांना सोयीची आहे. तिचा काही भाग छत्र्या व खाटा भाड्याने देणाऱ्यांकडे असतो, तर काही भाग सर्वांना मोकळा. पैसे मोजण्यापूर्वी मोकळी जागा कोठे आहे हे पाहून घ्यावे.

मात्र या शांत पाण्याची दुसरी बाजूही आहे. ज्या समुद्राचे दार अरुंद, त्याचे पाणी बदलण्यासही फार काळ लागतो. भूमध्य समुद्राच्या बाबतीत हा काळ सुमारे शतकभराचा मानला जातो. आपल्या किनाऱ्यावर टाकलेला कचरा ओहोटी निदान दृष्टीआड तरी करते. येथे तोही दिलासा नाही. ऑगस्टच्या मध्यावर, १५ तारखेच्या सुटीच्या सुमारास, सारी इटली समुद्राकडे लोटते, तेव्हा एवढ्याशा गावावर आणि त्याच्या पाण्यावर केवढा भार पडत असेल! २०२४ साली सिसिलीत तीव्र दुष्काळ पडून आणीबाणी जाहीर करावी लागली होती. माझ्या मते मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हेच जाण्याचे दिवस. समुद्र सावकाश तापतो व सावकाशच निवतो; त्यामुळे ऑक्टोबरच्या आरंभीही पाणी पोहण्याजोगे राहते.

पालेर्मोहून मेसिनाकडे जाणारी आगगाडी तासाभरात येथे पोहोचवते. बहुतेक प्रवासी उतरतात ते थेट वाळू गाठतात व संध्याकाळच्या गाडीने परततात. त्यांनी गाव पाहिले असे मी म्हणणार नाही. गावाच्या डोक्यावर सुमारे २७० मीटर उंचीचा एक प्रचंड कडा आहे. ग्रीक भाषेतील 'डोके' या अर्थाच्या शब्दावरूनच गावाला नाव पडले असे मानतात. कडा गावाच्या पूर्वेस असल्यामुळे भल्या सकाळी चढणीवर सावली असते. दुपारी चढू नये. वर पाणी मिळेल या भरवशावर तर मुळीच जाऊ नये. वाटेत प्रचंड दगडांनी बांधलेले प्राचीन देवस्थान लागते. त्याला डायानाचे मंदिर म्हणतात. माथ्यावरून लाल कौलांची छपरे व त्यांच्या मधोमध दोन मनोऱ्यांचे भव्य चर्च दिसते.

हे चर्च राजा दुसरा रॉजर याने ११३१ साली बांधावयास घेतले. वादळातून येथे सुखरूप लागल्यावर त्याने नवस फेडला, अशी दंतकथा आहे. आतील सोनेरी कुट्टिमचित्रांवर ११४८ हे साल कोरलेले आहे. ख्रिस्ताच्या हातातील उघड्या ग्रंथाचे एक पान ग्रीक, एक लॅटिन आहे. राजा नॉर्मन, कारागीर बायझंटाईन, आणि त्याआधी दोन शतके बेटावर अरबांची सत्ता; या मिश्रणाची साक्ष म्हणून २०१५ साली हे चर्च पालेर्मो व मोनरेआले येथील वास्तूंसह जागतिक वारसा ठरले. रॉजरला आपली समाधी येथेच हवी होती. पण तो पुरला गेला पालेर्मोत.

समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीत दगडी पायऱ्यांखाली एक जुना धोबीघाट आहे. सिंहमुखांतून अखंड वाहणारे गोडे पाणी दगडी कुंड्यांत पडून तेथून समुद्राला मिळते. मला तर चर्चइतकीच ही जागा मोलाची वाटते. जवळच्या मांद्रालिस्का संग्रहालयात अंतोनेल्लो दा मेसिना याने रंगवलेले एका अनोळखी पुरुषाचे चित्र आहे. त्याच्या मिस्किल हास्यासाठी लोक येतात. पण खवय्यांनी इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील तो रांजण चुकवू नये, ज्यावर मासेविक्या टुना माशाचे तुकडे करतो आहे.

भोजनाविषयी शाकाहारी श्रोत्यांनी चिंता करू नये. वांगे मूळचे आपल्याकडील. ते अरबांबरोबर सिसिलीत गेले आणि तेथे घरचेच झाले. तळलेले वांगे, ऑलिव्ह, केपर, सिरका व साखर यांची 'कापोनाता' ही आंबटगोड भाजी थंडच खातात. चेफालूची खास 'पास्ता आ तायानू' मात्र वांग्याबरोबर मांस घालून करतात, तेव्हा विचारून घ्यावे. पालेर्मोकडचे 'पानेल्ले' पाहून तर गृहिणींना आपली पाटवडी आठवेल: हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून घट्ट करावे, थापावे, कापावे आणि तळावे. फरक इतकाच की फोडणीऐवजी वर लिंबू पिळतात व पावात घालून खातात.

ऑगस्टच्या आरंभी ग्रामदैवताच्या उत्सवात समुद्रावर आडवा रोवलेला निसरडा खांब चालत जाऊन टोकाचे निशाण पटकावण्याचा खेळ होतो. दहीहंडीला जशी अंगणे भरतात, तसा तेव्हा सारा धक्का भरतो. आणि जो घसरतो तो खोल, शांत, आणि तेवढ्याच पातळीवर थांबलेल्या पाण्यात पडतो.