मुक्त लेखन : विषय अनेक, शिस्त एकच

आज करिअर, उद्या स्वयंपाकघर, परवा हवामान. एकाच लेखकाने इतक्या विषयांवर लिहावे का? जरूर लिहावे! पण लेखणी उचलण्यापूर्वी काय तयारी हवी, ते समजून घ्या.

घरी बसून करता येण्याजोगे काम म्हटले की शिवण, शिकवण्या यांच्याबरोबर अनेकींच्या मनात लेखनाचा विचार येतोच. मुक्त लेखनाला ना वयाची अट, ना कार्यालयाची. इंदूर, बडोदा किंवा हैदराबादला राहणारी मराठी गृहिणीही ते करू शकते. अडचण एकच. केवळ एका विषयावर लिहून मुक्त लेखकाचे भागत नाही. संपादकाला आज परीक्षांवर लेख हवा असतो, पुढच्या महिन्यात पावसाळ्यावर. मग लोक म्हणतात, ‘हिला सगळ्यातले थोडे थोडे येते, पूर्ण काहीच येत नाही.’

हा टोमणा खोटा ठरवता येतो. मुक्त लेखकाने तज्ज्ञ असण्याची गरज नसते. नेमके कोणाला आणि काय विचारायचे, ही जाण मात्र त्याला हवी.

चुकीची किंमत वाचक मोजतो

करिअरवरचा लेख वाचून एखादे कुटुंब मुलीच्या प्रवेशासाठी हजारो रुपये भरते. संस्था मान्यताप्राप्त नसेल तर पैसे जातात, शिवाय मुलीचे वर्षही जाते. म्हणून संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबून लिहू नका. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करतो, ती पाहा. तांत्रिक अभ्यासक्रम असेल तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता तपासा. तो अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या दोघा-तिघांशी बोला. नोकरी मिळाली का, किती दिवसांनी, हे संस्थेपेक्षा तेच खरे सांगतील.

एक आयुष्य, चार लेख

विषय वेगवेगळे दिसले तरी ते आतून जोडलेले असतात. अ‍ॅना मणी यांचेच उदाहरण घ्या. १९१८ मध्ये केरळात जन्मलेल्या या मुलीने बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांवर संशोधन केले. प्रबंध तयार झाला, पण एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने डॉक्टरेट नाकारली. १९४५ मध्ये त्या शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या. आवड भौतिकशास्त्राची, पण शिष्यवृत्ती उपलब्ध होती ती हवामानाच्या उपकरणांसाठी. त्यांनी तीच घेतली!

१९४८ मध्ये परतून त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. त्या काळी साधी उपकरणेही परदेशातून येत. त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशातच बनवण्याचा पाया घातला. १९७६ मध्ये त्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. नंतर १९८० आणि १९८१ मध्ये भारतातील सौरऊर्जेच्या मोजमापांवरचे त्यांचे दोन ग्रंथ आले.

आता पाहा, यात लेख किती आहेत? स्त्रियांच्या पानासाठी जिद्दीची कथा, तरुणांसाठी ‘मनाजोगती वाट बंद झाली तर काय?’, विज्ञानाच्या पानासाठी पाऊस आणि वारा मोजण्याची पद्धत, आणि गृहिणींसाठी गच्चीवरच्या सौर बंबाला ऊन किती मिळते याची माहिती. अभ्यास एकदाच, वाचक मात्र चार प्रकारचे.

हवामानावर लिहिताना

मराठीत एक घोटाळा हमखास होतो. आजचे ऊन-पाऊस आणि प्रदेशाचे दीर्घकालीन स्वरूप, या दोन्हींना आपण ‘हवामान’च म्हणतो. एका थंड सकाळवरून ‘कुठे वाढले तापमान?’ असे विचारणे म्हणजे एका दिवसाच्या खर्चावरून वर्षाचा हिशेब मांडणे. दीर्घकालीन हवामानासाठी साधारण ३० वर्षांची सरासरी धरतात.

दुसरी घाई एल निनोची. प्रशांत महासागराचे पाणी तापले की भारतात दुष्काळ, असे सरसकट लिहिले जाते. १९९७ मध्ये एल निनो अतिशय तीव्र होता, तरी देशातला मोसमी पाऊस सरासरीच्या किंचित वरच राहिला. उलट २००९ मध्ये एल निनोच्या वर्षात पाऊस २२ टक्के कमी पडला. म्हणून ‘दुष्काळाची शक्यता वाढते’ इतकेच लिहावे. तुमच्या ‘नक्की’ या शब्दावर भिस्त ठेवून कुणी पेरणी लांबवली तर?

आकड्यालाही संदर्भ हवा. जून ते सप्टेंबर या काळात देशात सरासरी ८७ सेंटीमीटर पाऊस पडतो. या एका आकड्यात मेघालयही आले आणि जैसलमेरही. तुमच्या वाचकाच्या गावाबद्दल तो काहीच सांगत नाही. तेव्हा जिल्ह्याचा आकडा शोधा.

हक्क आणि हिशेब

लेखन ही हौस असली तरी व्यवहार चोख ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाकडे स्वतःच्या लेखाचे हक्क सहसा स्वतःकडेच असतात. ते दुसऱ्याला द्यायचे तर सहीनिशी लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. म्हणून सही करण्यापूर्वी कागद नीट वाचा. हेही लक्षात ठेवा :

* एकच लेख एकाच वेळी दोन मासिकांना पाठवू नका.
* मानधन किती आणि केव्हा, हे आधीच विचारा. त्यात संकोच कसला?
* पाठवलेला प्रत्येक लेख, तारीख आणि आलेली रक्कम वहीत नोंदवा. कर कापला असेल तर दाखला मागा.
* प्रत्येक विषयाची वेगळी फाईल करा. कात्रणावर तारीख घाला, कारण जुना आकडा नवा म्हणून छापला जाणे हा नेहमीचा अपघात आहे.

सुरुवातीला काही लेख ‘साभार परत’ येतील. घरखर्च या मिळकतीवर लगेच सोपवू नका. तीन-चार विषय निवडा आणि त्यातले जाणकार जोडा. तज्ज्ञाला न समजलेली गोष्ट पुन्हा विचारायला लाजू नका. तुम्हालाच नीट न कळलेले वाचकाला कळणार तरी कसे?