संगणकातील तण

धानाच्या बांधीत पाणी साचले आणि खत पडले, की धानाबरोबर तणही वाढू लागते. तण कोणी हेतुपुरस्सर पेरीत नाही. परंतु धानासाठी घातलेल्या खतपाण्यावरच ते पोसते. असे तण दिसताच शेतकरी शेताला दोष देत बसत नाही, की शेत विकूनही टाकीत नाही. निंदणाची वेळ आली, एवढेच तो ओळखतो. घरच्या संगणकाची गोष्टही काहीशी अशीच आहे.

गोंदिया, तिरोडा, आमगाव किंवा देवरी येथील एखाद्या घरी संगणक आहे, असे समजू. त्यावर मुलगी शाळेचा प्रकल्प लिहिते, थोरला भाऊ शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो आणि वडील सातबाराचा उतारा पाहतात. काही महिने सारे सुरळीत चालते. मग एके दिवशी लिहिण्याच्या मध्येच पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवते. ती मिटवावी, तर दुसरी उगवते. ब्राउझर उघडताच नेहमीच्या पानाऐवजी भलतेच पान समोर येते. शोधायचे असते एक, आणि दिसते दुसरेच. संगणक मंदावतो. घरातील माणसे म्हणतात, “यंत्र बिघडले.” वस्तुतः यंत्र बिघडलेले नसते, त्यात तण माजलेले असते.

या तणाला ‘ॲडवेअर’ म्हणतात. ॲड म्हणजे जाहिरात. वापरणाऱ्याच्या मनाविरुद्ध त्याच्यापुढे जाहिराती आणून टाकणे, हेच ज्या प्रोग्रॅमचे मुख्य काम असते, तो ॲडवेअर होय. आपोआप उघडणाऱ्या जाहिरातीच्या चौकटीस ‘पॉप-अप’ असे नाव आहे. प्रत्येक दर्शनामागे किंवा प्रत्येक क्लिकमागे कोणाला तरी पैसे मिळतात. म्हणजे या व्यापारात खरा माल म्हणजे पाहणाऱ्याचे लक्ष होय. आणि तो माल मालकाला न विचारताच विकला जातो.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. प्रत्येक जाहिरात म्हणजे ॲडवेअर नव्हे. वर्तमानपत्राचा खर्च जसा काही अंशी जाहिरातींतून भागतो, तसाच अनेक संकेतस्थळांचाही भागतो. एखाद्या संकेतस्थळावरच जाहिराती दिसत असतील आणि तेथून बाहेर पडताच त्या नाहीशा होत असतील, तर त्या त्या स्थळाच्या समजाव्यात. परंतु कोणतेही पान उघडले तरी त्याच जाहिराती येत असतील, किंवा ब्राउझर बंद असतानाही चौकटी उगवत असतील, तर मूळ आपल्याच संगणकात रुजले आहे, असे अनुमान करावे.

पॉप-अपच्या जन्माची कथा मोठी बोधप्रद आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत ‘ट्रायपॉड’ नावाचे एक संकेतस्थळ होते. लोक तेथे स्वतःची पाने तयार करीत आणि संस्था त्या पानांवर जाहिराती दाखवी. एका मोटार कंपनीची जाहिरात एका अनुचित पानावर झळकली, तेव्हा ती कंपनी रुष्ट झाली. जाहिरात आणि पान यांचा संबंध तुटावा, म्हणून तेथे काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या चौकटीत उघडण्याची युक्ती काढली. हेतू एक अडचण दूर करण्याचा होता. पण ती युक्ती जगभर पसरली आणि तिचा उपद्रव कोट्यवधी लोकांना झाला. २०१४ साली झुकरमन यांनी एका लेखात त्याबद्दल जाहीरपणे क्षमा मागितली. लहानशी सोय शोधून काढतानाही तिचे दूरचे परिणाम पाहावे लागतात, हे या कथेवरून दिसते.

हे तण घरात शिरते तरी कसे? त्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत.

पहिली वाट फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमची. एखादा खेळ किंवा अक्षरांचा संच उतरवून घेताना पडद्यावर एकामागून एक प्रश्न येतात. त्यांत कोठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की याबरोबर आणखी एक प्रोग्रॅमही बसविला जाईल. आणि त्यापुढील चौकटीत संमतीची खूण आधीच केलेली असते. घाईत असलेला माणूस न वाचता ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’ असे दाबीत जातो. बियाण्याच्या पिशवीतून तणाचे बी शेतात यावे, तसाच हा प्रकार. २०१७ साली ‘फायरबॉल’ नावाचा ॲडवेअर याच वाटेने पसरला होता. तो ब्राउझरचे पहिले पान बदलून टाकी आणि शोध घेणाऱ्याला भलत्याच शोधस्थळाकडे वळवी. ‘चेक पॉइंट’ या सुरक्षा कंपनीने त्याची लागण जगातील सुमारे २५ कोटी संगणकांना झाल्याचा अंदाज वर्तविला. त्यांपैकी अडीच कोटींहून अधिक संगणक भारतातील असल्याचे तिचे म्हणणे होते. हा अंदाज फार मोठा आहे, असे मायक्रोसॉफ्टने म्हटले. तथापि लागण झाली होती, याविषयी दुमत नव्हते.

दुसरी वाट एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या पुरवणीची. चित्रे उतरविण्यासाठी किंवा रंगसंगती बदलण्यासाठी लोक अशा पुरवण्या जोडतात. त्यांपैकी काही उपयुक्त असतात; काही मात्र उपयोगाचा वेष घेऊन जाहिराती दाखवितात.

तिसरी वाट सर्वांत साधी आणि म्हणूनच सर्वांत फसवी आहे. एखादे संकेतस्थळ विचारते, “सूचना पाठवू का?” व्हिडिओ पाहण्याच्या उत्सुकतेत मुलगा ‘अलाउ’ म्हणजे ‘परवानगी आहे’ असे दाबतो. त्या क्षणापासून ते संकेतस्थळ पडद्याच्या कोपऱ्यात हवा तेव्हा मजकूर पाठवू शकते. येथे कोणताही प्रोग्रॅम शिरलेला नसतो. दाराची कडी तेवढी आतून काढून दिलेली असते.

हा केवळ त्रासाचाच विषय असता, तर त्याचे एवढे महत्त्व नव्हते. परंतु काही चौकटी जाहिरातीच्या नसून कपटाच्या असतात. “तुमच्या संगणकात पाच विषाणू सापडले आहेत, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा,” असा लाल अक्षरांतील इशारा पडद्यावर येतो. कधी भोंगाही वाजतो. भ्यालेला माणूस फोन करतो. पलीकडचा गोड बोलून संगणकाचा ताबा मागतो, मग दुरुस्तीचे पैसे मागतो आणि अखेर बँकेचा गुप्त क्रमांक विचारतो. धान विकून आलेले वर्षभराचे पैसे काही मिनिटांत जाऊ शकतात. म्हणून हे पक्के समजून असावे, की ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानाला आपल्या संगणकातील विषाणू तपासता येत नाहीत, आणि संगणकाचे खरे इशारे फोन करावयास सांगत नाहीत.

आता हे तण काढावे कसे? गोंदिया जिल्ह्यातील तलावांनी या बाबतीत एक उत्तम धडा घालून दिला आहे. येथील जुन्या मालगुजारी तलावांत बेशरम नावाची वनस्पती माजली. ही मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. तिला जांभळट गुलाबी फुले येतात. पण ती विषारी असल्याने गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. तिचा मोडलेला तुकडाही ओल्या चिखलात पुन्हा मूळ धरतो. म्हणून वरवर छाटून तिचा नाश होत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील काही गावांत ढिवर समाजाच्या स्त्रीपुरुषांनी, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साहाय्याने, तलावांतील बेशरम मुळासकट काढली; आणि मोकळी झालेली जागा तशीच न ठेवता तेथे माशांना उपयोगी पडणाऱ्या स्थानिक पाणवनस्पती लावल्या. त्यांच्या या कामात तीन गोष्टी दिसतात : मूळ शोधणे, तुकडा न ठेवणे आणि जागा पुन्हा बळकावली जाणार नाही अशी व्यवस्था करणे. संगणकातही हाच क्रम ठेवावा.

चौकट मिटविणे म्हणजे फांदी छाटणे होय. तरी तीही काळजीपूर्वक मिटवावी. चौकटीतील ‘ओके’, ‘स्वच्छ करा’ अशा बटणांना हात लावू नये. कारण काही वेळा फुलीचे चिन्हसुद्धा खोटे, नुसते चित्र असते. सरळ ब्राउझरच बंद करावा. तो बंद होत नसेल, तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. त्यानंतर महत्त्वाच्या लेखांची व छायाचित्रांची प्रत वेगळ्या जागी काढून ठेवावी आणि वडीलधाऱ्या माणसाला जवळ बसवून पुढील कामास लागावे.

प्रथम मूळ शोधावे. विंडोज संगणकात ‘सेटिंग्ज’ उघडून ‘ॲप्स’ या भागात गेले, की संगणकात असलेल्या प्रोग्रॅमांची यादी दिसते. ती तारखेप्रमाणे लावावी. उपद्रव ज्या सुमारास सुरू झाला, त्या सुमारास कोणते अनोळखी नाव आले, ते पाहावे. असे नाव सापडले म्हणजे ‘अनइन्स्टॉल’ या आज्ञेने ते काढून टाकावे. मात्र नाव ओळखीचे नाही, एवढ्याच कारणाने काहीही उपटू नये. निंदणाऱ्या बाईला धानाचे रोप आणि तणाचे पाते यांतील फरक आधी ओळखावा लागतो. त्याप्रमाणे शंका येईल त्या नावाची जाणत्या माणसाकडे चौकशी करावी आणि मगच ते काढावे.

नंतर राहिलेले तुकडे वेचावेत. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पुरवण्यांची यादी पाहावी व जी आपण जाणून जोडली नाही, ती काढावी. सूचना पाठविण्याची परवानगी कोणकोणत्या संकेतस्थळांना दिली आहे, हे तेथेच दिसते. अनावश्यक परवानग्या रद्द कराव्यात. पहिले पान आणि शोधस्थळ बदलले असल्यास पूर्ववत करावे. सारेच गोंधळलेले असेल, तर ब्राउझर मूळ स्थितीत आणण्याची ‘रीसेट’ ही सोयही असते.

शेवटी डोळ्यांना न दिसणारी मुळे राहतात. त्यांसाठी संपूर्ण तपासणी करावी. विंडोजमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ हा रक्षक मुळातच असतो. नको असलेले प्रोग्रॅम अडविण्याची सोयही त्यात आहे, ती चालू ठेवावी. भारत सरकारने २०१७ साली ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले; त्याच्या संकेतस्थळावरून संगणक स्वच्छ करण्याची साधने विनामूल्य मिळतात. ती पुरविणाऱ्यांत पुण्याची ‘क्विक हील’ ही कंपनी आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील कैलास व संजय काटकर या बंधूंनी ती उभारली. कैलास यांनी शालान्त परीक्षेनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम धरले आणि पुढे स्वतःचे दुकान काढले. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत विषाणू आढळू लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणाऱ्या संजय यांनी त्यांवर उपाय करणारे प्रोग्रॅम लिहिले. दुकानातील एका नित्याच्या अडचणीतून असा मोठा उद्योग जन्मास आला.

मात्र पॉप-अपमध्येच ज्याची जाहिरात झळकते, असा ‘संगणक स्वच्छ करणारा’ प्रोग्रॅम कधीही घेऊ नये. चोरानेच कुलूप विकावयास आणावे, तसे ते आहे.

कायदाही या बाबतीत स्वस्थ बसलेला नाही. मालकाच्या अनुमतीवाचून त्याच्या संगणकात घातक प्रोग्रॅम घुसविणे, हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या ४३ व्या कलमानुसार भरपाईस पात्र असे कृत्य आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली ग्राहकांना भुलविणाऱ्या तेरा क्लृप्त्यांना मनाई केली. विषाणूचा खोटा धाक दाखवून पैसे उकळणे ही त्यांपैकीच एक होय. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न राहता त्वरित १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर होतो, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी होते.

परंतु कायदा आणि साधने ही दाराबाहेरची राखण होय. दार उघडणारा हात आपलाच असतो. प्रोग्रॅम हवा असेल, तर तो तयार करणाऱ्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा. प्रत्येक पायरीवरील मजकूर वाचावा आणि आधीच केलेली संमतीची खूण पुसून टाकावी. ज्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही, त्याला ‘होय’ असे उत्तर देऊ नये. संगणकाची व ब्राउझरची नवी सुधारणा आली, की ती वेळेवर करून घ्यावी. जुन्या फटी तिने बुजतात.

कागद न वाचता अंगठा उठविल्यामुळे पूर्वी कित्येकांची शेते सावकाराच्या घरी गेली. तो काळ मागे पडला, शाळा झाल्या, लोक वाचू लागले. पण वाचता येत असूनही न वाचता ‘होय’ म्हणणे, म्हणजे अंगठाच उठविणे नव्हे काय? ज्या घरातील मुले वाचून मग संमती देतात, त्या घरच्या संगणकात तणाला सहसा थारा मिळत नाही.

स्वाध्याय

१. साधी जाहिरात आणि ॲडवेअर यांतील फरक कसा ओळखावा?
२. तण संगणकात शिरण्याच्या तीन वाटा कोणत्या?
३. तलावातील बेशरम काढण्याची रीत आणि संगणकातील ॲडवेअर काढण्याची रीत यांतील साम्य आपल्या शब्दांत लिहा.
४. ‘दार उघडणारा हात आपलाच असतो’, या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. घरच्या संगणकावर सूचना पाठविण्याची परवानगी कोणकोणत्या संकेतस्थळांना दिलेली आहे, ते वडीलधाऱ्यांसमवेत पाहा व त्याविषयी दहा ओळी लिहा.